मॅव्हिससाठी गिअर रेशो

माझ्या ब्युइकच्या मागच्या ॲक्सलात कुठला गिअर रेशो असावा, याबद्दल आमच्या फ्लिंट गावात माझी बायको सोडून प्रत्येकाचं ठाम मत होतं. बायकोचं मत एकूण गाडीबद्दलच होतं, आणि ते तिने स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता सांगून टाकलं.

"लेलँड, या वेळी आयोनाकडे तुझ्या गाडीने येते मी. पण मागच्यासारखं मध्येच उतरून बस पकडायची पाळी आली, तर घरी आल्या आल्या गाडी विकायची. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सत्तर सालची ब्युइक, दोन दारांची, पुढे भलंमोठं व्ही-एट इंजिन, आणि शेजारची सीट कित्येक वर्षं रिकामी. आयोना म्हणजे माझी मेहुणी. ती पार वर शेबॉयगनला, सरोवराच्या काठी राहते. मागे एकदा आम्ही तिच्याकडे निघालो होतो तेव्हा बायको, म्हणजे मॅव्हिस, वाटेतल्या बे सिटीला पेट्रोल भरताना खाली उतरली, मागच्या सीटवरची बॅग घेतली आणि शांतपणे बसस्टँडकडे चालू लागली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल ताशी साठ मैलांच्या वर गेला की असा काही गळा काढायचा की समोरच्या गाडीतली माणसं वळून बघायची. मी शाळेत बीजगणित शिकवतो. कारण आणि परिणाम यांचा संबंध मला इतरांच्या आधी दिसतो, असा माझा तेव्हा समज होता.

आता ज्यांना या विषयात गती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅव्हिस म्हणते मला थोडक्यात सांगता येत नाही, पण ते तिचं मत. चाक एकदा फिरायला इंजिनकडून आलेला शाफ्ट किती वेळा फिरावा लागतो, तो आकडा म्हणजे गिअर रेशो. सायकलवर चढ चढताना पाय भराभर मारावे लागतात पण सायकल सहज निघते, तसा मोठा आकडा. सपाटीवर पाय सावकाश आणि सायकल सुसाट, तसा लहान आकडा. मोठ्या आकड्याने गाडी सिग्नलवरून बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, पण हायवेवर इंजिन बोंबलत राहतं. लहान आकड्याने सिग्नलवर शेजारची पावाची गाडीसुद्धा पुढे जाते, पण हायवेवर इंजिन गुणगुणत चालतं. माझ्या गाडीत तीन त्र्याहत्तर, म्हणजे तीन पूर्णांक त्र्याहत्तर शतांश, होता. मला खाली यायचं होतं, दोन सत्तरच्या आसपास. बायकोशी हळू आवाजात बोलता यावं एवढीच माझी अपेक्षा होती.

दर मंगळवारी संध्याकाळी कोनी डॉगच्या, म्हणजे पावात घातलेल्या सॉसेजच्या, दुकानाबाहेर आम्ही जुन्या गाड्यांवाले जमतो. बॉनेट उघडायचं, मागे घडीची खुर्ची टाकायची आणि दुसऱ्याच्या इंजिनात डोकावून मान हलवायची, असा रिवाज आहे. तिथे माणूस नाव नंतर सांगतो, आकडा आधी. मी माझा बेत जाहीर केला तेव्हा हातातले कोनी डॉग हातातच राहिले.

"मास्तर, बरं आहे ना तुला?" ड्युएन स्टॅडनिकने विचारलं. ड्युएन माझा शेजारी. ब्युइकच्या कारखान्यात रंगखात्यात जन्म काढला, पण गाडीच्या बाकी सगळ्या भागांबद्दल रंगापेक्षा जास्त बोलतो. "लोक तीन त्र्याहत्तरवरून चार दहावर जातात. तू दोनवर चाललास? अरे, त्यापेक्षा सरळ टपालाची गाडीच घे ना."

"मॅव्हिससाठी करतोय," मी म्हटलं.

"मग मॅव्हिसला कापसाचे बोळे दे. स्वस्तात पडतील."

एकाने सांगितलं, चार दहा टाक आणि टायर मोठे घे. दुसऱ्याने सांगितलं, टायर लहान घे. तिसरा माझा हात धरून बाजूला घेऊन गेला आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं अगदी कळवळून विचारू लागला. मी मात्र ढळलो नाही. ड्युएन शेवटी म्हणाला, "ठीक आहे बाबा, बुडायचंच असेल तर मी येतो सोबत." आणि खरंच आला. त्याचं हेच वाईट आहे.

शनिवारी आम्ही गावाबाहेर गस नावाच्या भंगारवाल्याच्या आवारात गेलो. गसकडे माझ्या गाडीला बसेल असा एकच ॲक्सल होता. ब्रेकच्या ड्रमांसकट अख्खा, दोन जुन्या टायरांवर आडवा पडलेला. आकडा कुठेच लिहिलेला नव्हता. गस म्हणाला, "कुठल्या गाडीचा ते आठवत नाही. फिरवून मोजा आणि घेऊन जा."

मोजायची रीत सोपी आहे. शाफ्टच्या तोंडाशी खडूने खूण करायची, चाकाच्या जागी असलेला ड्रम फिरवायचा आणि खूण किती वेळा वर येते ते बघायचं. दुसऱ्या टोकाचा ड्रम उगाच गरगर फिरायला लागला, म्हणून मी ड्युएनला तो धरायला सांगितलं. ड्युएन त्याला मिठी मारून जमिनीवर बसला. माझ्या एवढ्या वर्षांच्या ओळखीत या माणसाने एखादं काम इतकं चोख केलेलं मी पाहिलेलं नाही. ड्रम जागचा हलला नाही. मी माझ्या बाजूचा ड्रम सावकाश, बरोबर एक फेरी फिरवला. खूण दोनदा वर आली आणि पुढे पावपेक्षा किंचित जास्त गेली.

"दोन अठ्ठावीस," मी म्हणालो.

"असला आकडा असतो?" ड्युएनने मिठी न सोडता विचारलं.

"असतो. फार क्वचित मिळतो." मी तिथल्या तिथे वहीच्या कागदावर त्याला गणित करून दाखवलं. हायवेच्या वेगाला माझं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरेसुद्धा मारणार नव्हतं. पेट्रोल वाचणार होतं. मॅव्हिस गाडीत स्वेटर विणणार होती आणि सुयांचा आवाज मला ऐकू येणार होता. डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

ॲक्सल घरी आला आणि मिसेस ग्रीअर आल्या. फिलिस ग्रीअर आमच्या कॉलनीच्या समितीच्या अध्यक्षा. त्यांना रस्त्यावरून जाताना आपल्या कॉलनीत कुठेही काही चाललेलं दिसलं की सहन होत नाही. मी गाडीची मागची बाजू नुकती स्टँडवर चढवली होती, चाकं काढली होती.

"मिस्टर प्रूट, चाकाविना असलेलं वाहन रस्त्यावरून दिसता कामा नये. नियम बाविसावा."

"संध्याकाळपर्यंत चाकं लागतील, बाई."

"संध्याकाळी लागतील हे मला कळलं. मी आत्ताबद्दल बोलतेय."

"मग काय करू? गाडी गॅरेजमध्ये ढकलायची तर चाकं लागतात."

"ते तुम्ही बघा. रस्त्यावरून दिसायला नको एवढंच समितीचं म्हणणं आहे."

मॅव्हिसच्या चर्चमध्ये सहभोजनाला लावतात तो मोठा तंबू आमच्याच गॅरेजमध्ये ठेवलेला असतो. तो मी आणि ड्युएनने गाडीवर उभा केला. तीन बाजूंनी पडदे सोडले. मिसेस ग्रीअर समाधानाने निघून गेल्या. मी गाडीखाली शिरलो आणि जुना ॲक्सल सोडवून बाहेर सरकवला.

शनिवारचा दिवस, घरापुढे तंबू आणि तंबूबाहेर मांडलेलं जुनं सामान, याचा अर्थ घरातलं जुनं सामान विकायला काढलंय, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण मी गाडीखाली होतो. मला नुसते बूट दिसत होते. आधी दोन बूट आले, मग चार, मग एक काठी. कुणीतरी विचारत होतं, "हा वॅफलचा साचा कितीला?" वॅफलचा साचा आमचाच होता, तंबू काढताना गॅरेजमधून बाहेर आला होता. ड्युएनला वाटलं, आलेल्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्याने साचा दिला. मग मॅव्हिसच्या बागेतल्या दोन खुर्च्या दिल्या. मी अंगावर नवा ॲक्सल तोलत पडलो होतो तेव्हा एक जाड्याभरड्या आवाजाचा गृहस्थ म्हणाला, "हे लोखंड छान आहे. माझी टपालपेटी दर हिवाळ्यात बर्फ काढणारे पाडतात. हे पुरलं तर त्यांच्या बापाच्यानं हलणार नाही."

"घेऊन जा की," ड्युएन म्हणाला.

मी खालून ओरडलो, पण तोंडात ग्रीसच्या डब्याचं झाकण होतं. बाहेर येईपर्यंत माझा तीन त्र्याहत्तर एका पिकअपमध्ये पडून कोपऱ्यावरून वळला होता.

"अरे, तो परत लागला असता तर?" मी म्हणालो.

"कशाला लागेल?" ड्युएन म्हणाला. "तूच म्हणालास ना, गणित पक्कं आहे?"

गणित पक्कं होतं. आकडा बदलला की वेग दाखवणारा काटा चुकतो, म्हणून मी गिअरबॉक्समधलं त्याचं छोटं प्लॅस्टिकचं चक्रसुद्धा दोन अठ्ठावीसच्या हिशेबाने बदललं. हे भलेभले विसरतात. मी विसरलो नाही, याचा मला फार अभिमान वाटला. इथेच मी मेलो.

संध्याकाळी कॉलनीत चक्कर मारली. निघताना ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला तर टायर किंचाळले आणि तंबूचा एक खांब आडवा झाला. ड्युएन बघतच राहिला. "मास्तर, ही मंद व्हायला हवी होती ना?" मी म्हणालो, "कार्ब्युरेटर साफ केलाय मी." पुढे मात्र सगळं कसं छान. काटा पंचवीसवर, इंजिन पेंगतंय, ॲक्सलचा चकार शब्द नाही. मिसेस ग्रीअर सायकलवरून मला मागे टाकून गेल्या आणि जाताना त्यांनी कधी नव्हे तो हात केला. वेगमर्यादा पाळणारा माणूस कॉलनीत त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा.

निघायच्या दिवशी मॅव्हिस हिरवा रुमाल डोक्याला बांधून, मांडीवर चेरी पायचा डबा घेऊन शेजारी बसली. हायवेला लागलो. काटा पासष्टवर आणला. काय ती शांतता! डब्याचं झाकण खुळखुळत होतं ते ऐकू येत होतं.

"ऐकलंस?" मी म्हटलं.

"काय?"

"काहीच नाही. तेच तर." आणि मग मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. गिअर रेशो म्हणजे काय, लोकांचा चार दहाचा अट्टहास कसा अडाणीपणाचा आहे, ॲक्सलातल्या क्राउन आणि पिनियन या दोन चक्रांचे दात मोजून भागाकार कसा करायचा, आणि दोन अठ्ठावीसपर्यंत मी कसा पोचलो. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"बे सिटी किती लांब आहे?" तिने विचारलं.

"येईल आता. तर पिनियनचे दात…"

शेजारून गाड्या झूं झूं करून जात होत्या. काही हॉर्न वाजवत होत्या. हल्ली लोकांना मर्यादा म्हणून राहिलेली नाही, असं मी मॅव्हिसला सांगितलं. एक म्हातारी मिनीव्हॅनमधून जाताना माझ्याकडे बघून हातवारे करून गेली. मग एक लांबलचक ट्रक आला. त्याच्यावर अर्धं घर होतं, तयार घरं वाहून नेतात तसं, खिडक्यांना पडदे लावलेलं.

"लेलँड, आपल्यापुढे एक घर गेलं," मॅव्हिस म्हणाली.

"उतारावर असतील."

"बे सिटी किती लांब म्हणालास?"

तिने हे दुसऱ्यांदा विचारलं होतं. आवाज नाही, धक्के नाहीत, मग हिला बे सिटी कशाला हवंय? काहीतरी बोलून तिचं मन रमवावं म्हणून मी स्पीडोमीटरच्या प्लॅस्टिकच्या चक्राची हकीकत सांगायला घेतली. तेवढ्यात मागे लाल-निळे दिवे लागले.

पोलीस तरुण होता. टोपी नीट करत खिडकीशी आला, आधी माझ्याकडे, मग पायच्या डब्याकडे बघून म्हणाला, "सर, बरं वाटतंय ना तुम्हाला? गाडीत काही बिघाड?"

"बिघाड? साहेब, ही गाडी आज आहे तितकी चांगली कधीच नव्हती. आणि मी पासष्टच्या वर गेलेलो नाही."

"सर, मी तुमच्या मागून केव्हाचा येतोय. तुम्ही बत्तीसने चाललाय."

"शक्य नाही. काटा…"

"बत्तीस, सर. हायवेवर कमीत कमी पंचावन्न लागतात. तुमच्याबद्दल दोन फोन आलेत. त्यातला एक घर नेणाऱ्या ट्रकवाल्याचा होता."

बत्तीस दुणे चौसष्ट. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी पोरांना शिकवतो. पण ते डोक्यात आलं आणि डोळ्यांपुढे भंगाराचं आवार उभं राहिलं. ड्रमला मिठी मारून बसलेला ड्युएन दिसला. मागची दोन्ही चाकं वळणावर वेगवेगळी फिरता यावीत अशी ॲक्सलात सोय असते. म्हणून एक टोक घट्ट धरून दुसरं फिरवलं की शाफ्ट निम्म्याच फेऱ्या मारतो, आणि म्हणूनच अशा वेळी चाक एकदा नाही, दोनदा फिरवायचं असतं. मी एकदाच फिरवलं होतं. तो दोन अठ्ठावीस नव्हता. त्याची दुप्पट होता.

"चार छप्पन्न," मी पुटपुटलो.

पोलिसाने टोपी मागे सारली. "चार छप्पन्न? आणि हायवेवर? माझ्या काकांच्या गाडीत चार दहा होता तर काकू माहेरी गेली होती." त्याने मॅव्हिसकडे आदराने पाहिलं, मला नुसती ताकीद दिली आणि वर सांगितलं, "पंचावन्नच्या खाली परत दिसलात तर मात्र गाडी ओढून न्यावी लागेल, सर."

तो गेला. मॅव्हिस म्हणाली, "काय झालं?"

"हिशेबात बारीक चूक."

"किती बारीक?"

"दुप्पट."

परत फिरायची सोय नव्हती. जुना ॲक्सल कुणाच्या तरी अंगणात टपालपेटी तोलून उभा होता. मी गाडी रस्त्यावर घेतली आणि डोळे मिटून, म्हणजे मनातले, पाय दाबला. साठ मैलांना इंजिनने जो आवाज लावला त्यापुढे माझा जुना तीन त्र्याहत्तर म्हणजे अंगाई होती. आरसा थरथरत होता, डबा मांडीवर नाचत होता, काटा एकशेवीसवर टेकून थांबला होता. मी ओरडून म्हणालो, "मॅव्हिस, माफ कर!" ती कानामागे हात नेऊन बघत राहिली. मी तोंड मोठं करून चुकीचं कारण समजावायला लागलो, ड्युएन, ड्रम, दोन फेऱ्या. तिने मान हलवली, काही ऐकू येत नाही म्हणून. थोड्या वेळाने मी गप्प बसलो. माझी लाडकी गाडी मी माझ्याच हाताने विकली होती, आणि तेही चाकाच्या एका फेरीपायी.

बे सिटीची पाटी आली. मी वेग कमी करून कडेच्या लेनमध्ये आलो. रडूच यायचं बाकी होतं. बसस्टँडकडचा रस्ता समोर दिसत होता. मॅव्हिसने माझ्या दंडावर हात ठेवला आणि सरळ पुढे बोट दाखवलं. मला वाटलं तिला कळलं नसेल. मी बसस्टँडकडे बोट केलं. तिने पुन्हा पुढे दाखवलं, रुमाल सोडला, सीट मागे केली आणि डोळे मिटले. पुढचा सगळा रस्ता ती कधी झोपली, कधी बाहेरची झाडं बघत बसली. एकदा तर चेरी पायचा तुकडा मोडून तिने मला भरवला. मला वाटलं, फाशीच्या आधी देतात तसा देतेय.

शेबॉयगनला आयोनाच्या अंगणात इंजिन बंद केलं तरी कानात ते चालूच होतं. आयोना धावत बाहेर आली. आमची आयोना स्वभावाने फटकळ. "अगंबाई, दाजी, रणगाडा आणलात की काय? गावाच्या वेशीपासून ऐकतेय मी. मॅव्हिस, जिवंत आहेस ना?"

मॅव्हिस उतरली. चेहरा असा ताजा की मी बघतच राहिलो.

"फार छान झाला प्रवास," ती म्हणाली.

"याच्याबरोबर?"

"बे सिटीपासून इथपर्यंत याला एक अक्षर बोलता आलं नाही. आयोना, खरं सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली पण याच्याशेजारी बसून मी झाडं पहिल्यांदा पाहिली."

मी तिथेच उभा होतो, गाडीला हात टेकून. "मॅव्हिस, मागच्या वेळी तू उतरलीस ती आवाजामुळे ना?"

"आवाजामुळेच. पण गाडीच्या नव्हे. फ्लिंटपासून बे सिटीपर्यंत तू मला कार्ब्युरेटर समजावलास. तेव्हा गाडी त्यामानाने गप्प होती, तेच वाईट झालं."

मला लागलं. उगाच कशाला लपवू? ज्याच्यासाठी गाडीखाली पाठ मोडून घेतली, कॉलनीत अब्रू घालवली, तो दोष ॲक्सलात कधी नव्हताच. आयोना पदराने, म्हणजे एप्रनने, तोंड झाकून हसत होती. मी तरी काय करणार? गाडी विकायची की नाही, एवढंच विचारलं.

"विकायची कशाला?" मॅव्हिस म्हणाली. "परतही हिच्यातूनच जाऊ. शरद ऋतूत पानं लाल झाली की सरोवरावरच्या मोठ्या पुलापलीकडे जाऊ. माझी कधीची इच्छा आहे."

मला इतका आनंद झाला की लागलेलं सगळं विसरलो. दुसऱ्या दिवशी बॅगा ठेवताना मी तिला म्हटलं, "तू फक्त एक हिवाळा थांब. मी खरा दोन अठ्ठावीस शोधून काढतो, या वेळी चाक दोनदा फिरवून. त्याचं कसं आहे सांगतो तुला. दोन्ही टोकं जर मोकळी सोडली ना…"

मॅव्हिस गाडीत बसली, तिने दार ओढून घेतलं आणि खिडकीची काच खाली केली.

"सांग ना," ती म्हणाली. "पण हायवेला लागल्यावर सांग."